हरवलेली चावी गाडीतून पुसून घेताना

इलेक्ट्रॉनिक चावी हरवली की बहुतेक जण शोरूमला जाऊन नवी करून घेतात आणि विषय तिथंच मिटवतात. गाडी चालू झाली म्हणजे काम झालं. पण हरवलेली चावी त्यानंतरही आधीइतकीच कामाची असते. ती ज्याच्या हाती लागली असेल त्याला काच फोडावी लागत नाही की वायरी उघड्या कराव्या लागत नाहीत. एक बटण दाबलं की दार उघडतं, ब्रेकवर पाय ठेवून दुसरं दाबलं की इंजिन चालू होतं. गाडीच्या लेखी तोच मालक. नवी चावी मिळवणं आम्हाला फारसं जड गेलं नाही. जुनी चावी गाडीनं ओळखू नये असं करून घेणं, आणि ते होईपर्यंत गाडी राखणं, यात मात्र आमची खरी दमछाक झाली. चावी हरवल्यावर यातलं फारसं कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माळेगावची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास देवस्वारीनं सुरू होते. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं ठाणं नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे, त्यामुळं लातूरहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. आम्हीही तसेच गेलो होतो. हे, सासूबाई, धाकटी जाऊ आणि मुलं. गाडी रस्त्याकडेच्या एका रानात लावली. दर्शन झालं, भंडारा लावून झाला, मुलांना घोडे बघायचे होते म्हणून जनावरांच्या बाजाराकडं वळलो. परत गाडीशी आलो तर पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातली चावी गायब. रांगेतल्या रेटारेटीत पडली की कुणी हात घालून काढली, हे आजही सांगता येत नाही. तिच्या छल्ल्याला गाडीचा नंबर कोरलेली पितळी पट्टी होती. एमएच २४ दिसलं की गाडी लातूरची हे आपल्याकडं कुणीही सांगेल. पण तेवढं लांब जायचीही गरज नव्हती. ज्याला चावी सापडली त्यानं त्या रानात येऊन नुसतं बटण दाबत फिरायचं. ज्या गाडीचे दिवे लुकलुकतील ती आमची.

धावाधाव करण्याआधी एक तपासणी केली, ती प्रत्येकानं करावी अशी आहे. आमची गाडी बटणावर चालू होणारी. चावी जवळ असली आणि दाराच्या मुठीवरचं छोटं बटण दाबलं की दार उघडतं. त्यासाठी गाडी कमी वारंवारतेचा, साधारण १२५ किलोहर्ट्‌झचा, इशारा सोडते आणि तो दारापासून मीटरभर जेमतेम पोचतो. चावीला तो मिळाला की ती ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींवर आपलं उत्तर धाडते. म्हणजे चावी नजरेला दिसत नसली तरी ती जवळ आहे की नाही हे गाडीलाच विचारता येतं. एकेकाला त्याच्या पिशवीसकट दाराशी उभं केलं आणि बटण दाबून बघितलं. कुणाच्या पिशवीच्या अस्तरात, मुलांच्या स्वेटरच्या खिशात ती सरकली असती तर दार उघडलं असतं. उघडलं नाही. म्हणजे चावी खरंच गेली होती.

हे गाडीपाशी थांबले, तिथून हलायचं नाही असं ठरलं. मी पोलीस मदत केंद्राकडं गेले. तिथं ध्वनिक्षेपकावरून हरवल्या-सापडल्याच्या सूचना चालू होत्या. माझ्या मनात आलं, गाडीचा नंबर आणि ती कुठं लावलीय हे लाखभर कानांवर घालणं म्हणजे ज्याच्याकडं चावी आहे त्याला पत्ताच देणं. म्हणून सूचना इतकीच द्यायला सांगितली, की चारचाकीची काळी चावी सापडली असल्यास मदत केंद्रात आणून द्यावी. पितळी पट्टीचा उल्लेख मुद्दाम टाळला. कुणी आणून दिलीच असती तर ओळख पटवायला ती खूण आमच्याकडं राहिली असती. कुणी आणून दिली नाही.

तिथल्या हवालदारांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, पडली का चोरली?" त्या उत्तरावर पुढचा कागद ठरतो. वस्तू हरवणं हा गुन्हा नाही, त्यामुळं त्याचा एफआयआर होत नाही. गहाळ झाल्याची नोंद होते आणि तिची शिक्क्याची प्रत मिळते. चोरी म्हटली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं, जे १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड विधानातल्या ३७९ च्या जागी आलं आहे. चोरीच झाली असं छातीठोक सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. जे खरं होतं तेच लिहून दिलं: गर्दीत गहाळ झाली, कुणी काढून घेतल्याचीही शक्यता आहे. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, चावीचं वर्णन, पट्टीवरचा नंबर, सगळं त्यात घालायला लावलं. पुढं हा कागद जिथं जिथं गेलो तिथं लागला.

दुसरी चावी लातूरला घरी होती. धाकटे भाऊजी ती घेऊन आले तोवर अंधार पडला. गाडीत बसण्याआधी सामानाच्या कप्प्यातली आरसीची आणि विम्याची प्रत काढून घेतली. दोन्हींवर घरचा पत्ता होता. २०१८ पासून डिजीलॉकर किंवा एमपरिवहनवरचे कागद चालतात, तेव्हा पत्ता लिहिलेले कागद गाडीत ठेवायचं काही कारण उरलेलं नाही. वाटेत लोह्यात चहाला थांबलो तेव्हाही एक जण गाडीत बसून राहिला.

आता खरी पंचाईत पुढं होती. दुसऱ्या दिवशी येळवस. वेळा अमावास्येला लातुरात सगळं बंद असतं, शोरूम बंद, वर्कशॉप बंद, आणि गल्ल्यांत चिटपाखरू नसतं, कारण अख्खं शहर रानात जेवायला गेलेलं असतं. गाडी दारात सोडून जावी तर त्या दिवसासारखी मोकळी गल्ली चोराला वर्षात दुसऱ्यांदा मिळणार नाही. घरी कुणी मागं राहावं तर येळवस चुकते, आणि ते सासूबाईंना मान्य होणं शक्यच नव्हतं.

त्या रात्री ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनला फोन केला. मी विचारलं, बॅटरीची वायर काढून ठेवू का? त्यांनी नको म्हटलं, आणि कारण सांगितलं ते मला पटलं. बॅटरी काढली की चोर आल्यावर वाजणारा गाडीचा भोंगाही मरतो. इलेक्ट्रॉनिक चावीच्या पोटात एक साधी धातूची चावी असते, सेल संपला तर दार उघडायला. तिनं दार उघडून, बॉनेटचा खटका ओढून, वायर परत जोडायला चोराला कितीसा वेळ लागतो? त्यापेक्षा इंधन पंपाचा फ्यूज काढा, ते म्हणाले. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर आतून नकाशा असतो, कोणता फ्यूज कशाचा ते त्यावर कळतं. तो काढला की इंजिन नुसतं घरघरतं, पेट धरत नाही, आणि भोंगा, दिवे, कुलूप मात्र शाबूत राहतात. फ्यूज काढून ह्यांनी खिशात ठेवला. गाडीचं तोंड भिंतीकडं केलं आणि भाऊजींची पिकअप मागं आडवी लावली. चाकातून ट्रॅक्टरची साखळी घालून कुलूप ठोकलं.

येळवशीला गाडी रानातच घेऊन गेलो. ओसाड गल्लीपेक्षा डोळ्यासमोर बरी. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीसमोर बाभळीखाली लावली, फ्यूज काढला, मग पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, सगळं रीतसर झालं.

तिथं मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "कशाला एवढा घोर लावून घेयलीस? सेल किती दिस पुरायलाय त्येचा? सेल संपला की चावी बी संपली." हा समज मी नंतर बऱ्याच लोकांच्या तोंडून ऐकला. तो चूक आहे, आणि घात करणारा आहे. चावीत दोन वेगळी कामं असतात. लांबून दार उघडण्याच्या बटणाला सेल लागतो. इंजिनाला परवानगी देणारी चिप मात्र सेलवर चालत नाही. तिला लागणारी एवढीशी वीज गाडीतल्या तारेच्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळते. म्हणूनच सेल मेल्यावर चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली की गाडी चालू होते. गाडीच्या पुस्तकातच ते दिलेलं असतं. हरवलेली चावी चार वर्षं कुणाच्या कपाटात पडून राहिली तरी तिच्यातली चिप तशीच असणार. ती निकामी करायची तर ते गाडीच्या बाजूनंच करावं लागतं. गाडीच्या मेंदूत कोणकोणत्या चाव्या आपल्या आहेत याची यादी असते, त्या यादीतून तिचं नाव काढायचं.

मामांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंग उद्या दुकान उघडायच्या आधी जाऊन बसा."

तसंच केलं. अधिकृत वर्कशॉपच्या काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, पण त्याच्या डोक्यात एकच काम होतं. "मॅडम, नवीन चावी मागवतो. आली की ॲड करून देतो, लगेच होतंय." मी विचारलं, "आणि हरवलेली?" तो म्हणाला, "ती तर हरवलीच ना." या एका वाक्यात किती गाड्या उघड्या पडत असतील! नवी चावी यादीत जोडली की जुनी आपोआप जात नाही. दोनाच्या तीन होतात आणि तिसरी परक्याच्या खिशात राहते.

मी आतल्या स्कॅनरवाल्या तंत्रज्ञांना भेटायला मागितलं. त्यांनी मुद्दा पटकन धरला. त्यांच्याकडून कळलं ते असं: स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या मेंदूशी बोलायची खाच; तिला स्कॅनर जोडतात, कंपनीच्या सर्व्हरवरून परवानगी घेतात, मग यादी पूर्ण पुसतात आणि समोर असतील तेवढ्याच चाव्या नव्यानं लिहितात. म्हणून घरातल्या झाडून सगळ्या चाव्या सोबत न्याव्या लागतात. जी घरी राहिली तीही हरवलेल्या चावीसोबत रद्द होते. मालकानं स्वतः आरसी आणि आधार घेऊन हजर राहावं लागतं. गाडी घेताना चावीच्या जुडग्यासोबत आकडे कोरलेला एक छोटा टॅग मिळतो, चावीचा कोड असलेला. तो आमच्या कागदांच्या फायलीत होता, त्यामुळं नवी चावी मागवायला अडचण आली नाही. तुमचा टॅग कुठं आहे ते आजच बघून ठेवा, आणि तो गाडीत मुळीच नको.

नवी चावी बाहेरून यायला वेळ लागणार होता. मी म्हटलं, ती येईपर्यंत कशाला थांबायचं? उरलेली एक चावी समोर आहे, यादी आत्ताच पुसा आणि हिचं एकटीचं नाव लिहा. नवी आली की ती नंतर जोडा. आमच्या गाडीत हे होण्यासारखं होतं. काही गाड्यांत हे काम पुरं व्हायला किमान दोन चाव्या लागतात, हे आधी विचारून घ्यावं. एकाच चावीवर राहण्याचा धोका आहेच. तीही गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं आणि खर्च कितीतरी वाढतो. तरी परक्या हातात चालती चावी असण्यापेक्षा हा धोका मला परवडणारा वाटला.

काम झाल्यावर मी स्क्रीन बघायला मागितली. नोंदलेल्या चाव्यांची संख्या तिथं दिसते. आधी २ होती, आता १. पण तेवढ्यावर थांबले नाही, कारण तंत्रज्ञांनीच सांगितलं होतं की बऱ्याच गाड्यांत इंजिनाची परवानगी आणि दार उघडणारा रिमोट या दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिली पुसली आणि दुसरी राहिली तर गाडी चोरता येत नाही, पण दार उघडून आतलं सामान नेता येतं. दोन्ही पुसल्याचं बघितलं आणि जॉबकार्डावर तसं स्पष्ट लिहून घेतलं: हरवलेली चावी रद्द केली, शिल्लक चावी एक. तारीख, सही, शिक्का. काउंटरवर असं लिहायची पद्धत नव्हती, पण मागितल्यावर त्यांनी दिलं.

एवढं करूनही धातूचं पातं उरतंच. चिप मेली तरी त्या पात्यानं चालकाचं दार उघडतं. आत शिरलेल्या माणसाजवळ चावी लिहिण्याचं यंत्र असेल तर तेच ओबीडी सॉकेट त्याच्याही समोर असतं. गाडीच्या कुलपांचा पूर्ण संच बदलायचा तर खर्च मोठा होता. आमच्या गाडीत बाहेरून पातं घालायची जागा चालकाच्या दारालाच आहे. वर्कशॉपनं ते कुलूप काढून दिलं आणि आम्ही ते गंजगोलाईजवळच्या एका जुन्या चावीवाल्याकडं नेलं. गोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर काय काय मिळतं ते लातूरकरांना सांगायला नको. त्यांनी कुलूप उघडून आतल्या बारीक पितळी पट्ट्या टेबलावर क्रमानं मांडल्या. प्रत्येक पट्टीची उंची वेगळी असते आणि पात्यावरच्या खाचा त्या उंचीला जुळतात. त्यांनी त्यांची जागा बदलली, एक-दोन पट्ट्या नव्या घातल्या, आणि नव्या क्रमाप्रमाणं पातं कापून दिलं. जुनं पातं घालून फिरवायला लावलं; ते जागचं हललं नाही. ही कारागिरी बघताना मला फार बरं वाटलं. पुढं नवी चावी आली तेव्हा तिचंही पातं त्यांच्याकडूनच कापून घेतलं.

विमा कंपनीला ईमेल त्याच आठवड्यात केली. गाडी चोरीला गेली तर दावा करताना विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात. तेव्हा एकच पुढं केली तर दुसरी कुठंय हा प्रश्न येतो, आणि चोरीनंतर दिलेल्या उत्तरापेक्षा चोरीच्या कितीतरी आधी पाठवलेलं पत्र जास्त वजनदार ठरतं. पोलीस नोंदीची प्रत, जॉबकार्ड आणि कुलपाचं बिल जोडलं. चावी आणि कुलूप बदलण्याच्या खर्चाचं जादा कव्हर पॉलिसीसोबत घेता येतं, हे मला त्या निमित्तानं कळलं; नूतनीकरणाला ते घेतलं.

तंत्रज्ञांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मनातून गेली नाही, ती म्हणजे चावी न हरवताही गाडी जाऊ शकते. गाडीचा मीटरभर पोचणारा इशारा दोन यंत्रांनी लांबवर पुढं नेता येतो. एक जण गाडीपाशी, दुसरा घराच्या भिंतीपाशी. आत खुंटीवर टांगलेल्या चावीला वाटतं गाडी शेजारीच आहे आणि ती उत्तर देऊन टाकते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली हे जाहीर करून दाखवलं होतं. ८ कंपन्यांची १० मॉडेलं त्यांनी तपासली आणि सगळी या युक्तीला फसली. इशारा अडवणारे पाऊच बाजारात मिळतात, पण लेबलवर विश्वास ठेवायचं कारण नाही, घरी तपासता येतं. चावी पाऊचमध्ये किंवा झाकणाच्या डब्यात घालायची, ते दाराच्या मुठीला अगदी टेकवायचं आणि बटण दाबायचं. दार उघडलं तर ते बाद. आमचा पातळ पत्र्याचा डबा असाच बाद झाला. जाड स्टीलचा, घट्ट झाकणाचा पास झाला. तेव्हापासून चावी त्यातच असते, आणि उंबऱ्याजवळच्या खुंटीऐवजी आतल्या खोलीत.

गाडीला गिअर लॉक बसवलं. इलेक्ट्रॉनिक युक्त्या कितीही केल्या तरी लोखंड कापायला वेळ लागतो, आवाज होतो. ओबीडी सॉकेटवरही कुलपाचं झाकण लावलं. लपवलेला जीपीएस ट्रॅकरही बसवला, मात्र तो वर्कशॉपला विचारून. कुठंही वायर कापून जोडला तर वॉरंटीचा वाद होतो. इंधन पंपाला गुप्त बटण लावून द्यायला एक जण तयार होते, पण चालत्या गाडीत त्यात बिघाड झाला तर हायवेवर इंजिन बंद पडायचं. मुलं बसतात त्या गाडीत मला ते नको होतं.

नंतर माझ्या मामेभावानं संभाजीनगरातून जुनी गाडी घेतली. दोन चाव्या मिळाल्या म्हणून तो खूश होता. मी त्याला आधी अधिकृत वर्कशॉपला जायला लावलं आणि स्क्रीनवरचा आकडा बघून सांग म्हटलं. तिथून त्याचा फोन आला, "ताई, इथं तीन दाखवायलंय." तिसरी कुणाकडं आहे ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. यादी तिथंच पुसून दोन्ही चाव्या नव्यानं लिहून घेतल्या, आणि त्याचा जॉबकार्डाचा फोटो माझ्याकडं आला तेव्हा त्यावर "शिल्लक चाव्या दोन" असं त्यानंही लिहून घेतलेलं होतं.